एड्सच्या गोळ्या आफ्रिकेत, चावी वॉशिंग्टनात

रानवाटा

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदतीवरून आपल्याकडे झालेला गदारोळ आठवतोय ना? ते २१ मिलियन डॉलर भारतात मतदान वाढवायला आले की नाही आले, आले तर कोणाच्या खिशात गेले, चॅनलवाल्यांनी आठवडाभर तेच दळण दळलं. त्याच दिवसांत तिकडे आफ्रिकेत एचआयव्हीच्या दवाखान्यांना कुलपं लागत होती आणि त्याबद्दल मराठीत मला धड चार ओळी वाचायला मिळाल्या नाहीत, म्हणून हा धागा. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेपफार म्हणजे अमेरिकन अध्यक्षांची एड्ससाठीची आपत्कालीन योजना. जॉर्ज बुश (धाकटे) यांनी २८ जानेवारी २००३ च्या भाषणात जाहीर केली, ५ वर्षांत १५ अब्ज डॉलर. गंमत म्हणजे हे तेच भाषण ज्यात सद्दाम आफ्रिकेतून युरेनियम मिळवायला बघतोय असं ते म्हणाले होते. एकाच माणसाने एकाच भाषणात लाखो लोकांना जगवणारी योजना मांडली आणि दोन महिन्यांत इराकवर बॉम्ब टाकायची तयारीही, त्यामुळे बुश चांगला की वाईट हा प्रश्न इथे आणू नका प्लीज, प्रतिसाद त्यातच संपतील.

तेव्हा सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ४० लाखांवर लोकांना लगेच औषध हवं होतं आणि मिळत होतं जेमतेम ५० हजारांना, हे आकडे त्या भाषणातलेच. २०२४ संपता संपता पेपफारच्या जिवावर दोन कोटींहून जास्त लोक गोळ्या घेत होते. वाचलेले जीव अडीच कोटी धरले जातात, खर्च १०० अब्ज डॉलरच्या वर. एका रोगासाठी एका देशाने इतका पैसा ह्याआधी कधी घातलेला नाही.

आणि मग २० जानेवारी २०२५ ला ट्रम्पची सही झाली, परदेशी मदत ९० दिवस बंद. चार दिवसांनी काम थांबवायचे आदेश सगळीकडे गेले. आठवडाभरात परराष्ट्रमंत्री रुबिओंनी जीव वाचवणाऱ्या गोष्टींना सूट दिली खरी, पण सूट कागदावर आणि पैसे सोडणारी माणसं घरी, असा प्रकार झाला. १ जुलैला यूएसएडचं, म्हणजे ही मदत वाटणाऱ्या सरकारी संस्थेचं, दुकानच बंद.

मला पडलेला प्रश्न असा की इतकी चाललेली, दोन्ही पक्षांनी डोक्यावर घेतलेली योजना एका सहीने कशी काय लटकते? माझं मत असं की ती पहिल्या दिवसापासून अशीच लटकत होती, फक्त सही करणारे बरे होते. ज्याला गोळी मिळतेय त्याचा त्या गोळीवर हक्क कधीच नव्हता. बाकीच्यांना काय वाटतं?

---

डोंबिवलीकर बंड्या

अमेरिका फुकटात कोणाला पाणीसुद्धा पाजत नाही. त्यांच्या औषध कंपन्यांना गिऱ्हाईक पाहिजे होतं, सरकारच्या पैशाने मिळालं. आणि चीन आफ्रिकेत शिरत होता तो मुद्दा आहेच. उगाच दानशूर कर्ण बनवू नका.

---

गोळीवाला

बंड्याभाऊ, अर्धं बरोबर आहे तुमचं, पण उरलेल्या अर्ध्यातच सगळी मजा आहे. मी २० वर्षं फार्मात आहे, फॉर्म्युलेशनमध्ये, त्यामुळे ह्यावर मला जरा बोलू द्या.

२००० च्या आसपास तीन औषधांच्या कोर्सला वर्षाला १०-१५ हजार डॉलर पडायचे, दर माणशी. सिप्लाचे युसुफ हमीद सप्टेंबर २००० मध्ये ब्रसेल्सला युरोपियन कमिशनच्या बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले ८०० डॉलरला देतो, ज्या देशाला स्वतः बनवायचंय त्याला तंत्रज्ञान फुकट देतो, आणि आईकडून बाळाला होऊ नये म्हणून जे नेविरापिन लागतं तेही फुकट देतो. कोणीही पुढे आलं नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी एमएसएफ ह्या डॉक्टरांच्या संस्थेला ३५० डॉलरचा भाव दिला, म्हणजे दिवसाला एक डॉलर, आणि ते न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं. तिथून खेळ फिरला. हे आपल्याला जमलं कारण १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या प्रक्रियेवर पेटंट होतं, औषधावर नव्हतं, दुसऱ्या वाटेने बनवलं तर चालायचं.

आता गंमत ऐका. बुशच्या त्याच भाषणात एक वाक्य आहे की औषधाचा वर्षाचा खर्च १२ हजार डॉलरवरून ३०० च्या खाली आलाय, त्यामुळे हे आता शक्य आहे. तो ३०० च्या खालचा भाव कोणाचा होता? भारतीय जेनेरिकचा. म्हणजे भाषणात भाव आमचा, पण योजना सुरू झाल्यावर खरेदी ब्रँडेड औषधांची! योजनेचे पहिले प्रमुख नेमले रँडल टोबायस, जे आधी एली लिली ह्या औषध कंपनीचे सीईओ होते. जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली भारतीय गोळी चालणार नाही, आमच्या एफडीएनेच (अमेरिकेचं औषध-नियंत्रण खातं) पास केली पाहिजे असा पवित्रा. इथे तुमचा मुद्दा शंभर टक्के लागू.

पण ओरड झाली, त्यांच्याच खासदारांनी विचारलं की एका माणसाच्या पैशात तीन माणसं जगत असतील तर आपण एकालाच का जगवतोय. मग एफडीएने २००४ मध्ये खास सोय काढली, तात्पुरती मान्यता, म्हणजे अमेरिकेत पेटंट असल्यामुळे तिकडे विकायचं नाही पण पेपफारसाठी चालेल. २००५ पासून एकेक जेनेरिक पास होत गेलं, अरबिंदो, रॅनबॅक्सी, सिप्ला वगैरे, आणि पुढच्या काही वर्षांत पेपफारच्या बहुतेक गोळ्या भारतीयच झाल्या. म्हणजे गिऱ्हाईक मिळालं ते शेवटी आपल्याला. आमच्या लाइनीत तेव्हा एफडीएची तपासणी म्हटलं की महिनाभर कोणी रजा टाकायचं नाही, भिंतीपासून बॅच रेकॉर्डपर्यंत सगळं घासूनपुसून. पुढे हीच शिस्त अमेरिकेत बाकीची औषधं विकायला कामी आली.

आज तीन औषधांची मिळून एक गोळी रोज एकदा, वर्षाचा खर्च ४५ डॉलरच्या खाली. ह्या दराशिवाय दोन कोटी हा आकडा कोणाच्या बापाला गाठता आला नसता, १५ अब्ज काय आणि ५० अब्ज काय.

---

निवांत

गोळीवाले, दंडवत _/\_ वाचतोय.

---

मिरजेची सून

सगळे औषधावर बोलताय, मी अटींवर बोलते कारण त्या अटी आमच्या सांगलीपर्यंत आल्या होत्या.

पेपफारच्या २००३ च्या कायद्यात एक कलम होतं की ज्या संस्थेला हा पैसा पाहिजे तिने लिहून द्यायचं, आमचा वेश्याव्यवसायाला विरोध आहे. आता विचार करा, सांगलीत संग्राम संस्था १९९२ पासून ह्याच बायकांबरोबर काम करतेय, आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, ही तर त्या बायकांची स्वतःची संघटना. निरोध वाटायचं काम त्याच बायका करायच्या, कारण गल्लीत कुठल्या खोलीत कोण नवीन आलीये, कोणाचं गिऱ्हाईक निरोध वापरायला नाही म्हणतंय हे बाहेरून आलेल्या साहेबाला कळणारच नाही. आणि अशा संस्थेने कागदावर सही करायची की आमचा ह्या बायकांच्या धंद्याला विरोध आहे? मग संध्याकाळी कोणत्या तोंडाने त्यांच्या दारात जायचं?

संग्रामने २००५ मध्ये यूएसएडचा पैसा परत केला. मीना सेशू ह्यांचं नाव त्यासाठी जगभर झालं, इथे मात्र शेजारच्या कॉलेजातल्या पोरांनाही माहीत नसतं. त्याच वर्षी ब्राझील सरकारने तर ४० मिलियन डॉलर नाकारले ह्याच कारणावरून. ब्राझीलला परवडलं, तिकडे सरकार स्वतः १९९६ पासून फुकट औषध देत होतं. छोट्या संस्थेने नाही म्हणायचं म्हणजे पगार कुठून द्यायचे इथपासून सुरुवात.

हे कलम पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. २०१३ मध्ये कोर्ट म्हणालं की अमेरिकन संस्थेवर अशी सक्ती करता येणार नाही, बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. बरं वाटलं ना? २०२० मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की परदेशी संस्थांना मात्र हे स्वातंत्र्य लागू नाही, मग ती त्याच अमेरिकन संस्थेची दुसऱ्या देशातली शाखा का असेना. म्हणजे न्यूयॉर्कच्या ऑफिसात गप्प बसायची मुभा आणि बाहेरच्या देशात सही कंपल्सरी.

---

डोंबिवलीकर बंड्या

ताई, तुमचं म्हणणं पोचलं पण एक सांगा, पैसा त्यांचा, मग अटी त्यांच्या नाही तर कोणाच्या? माझ्या टॅक्सच्या पैशातून भारत सरकारने उद्या कुठे मदत दिली तर कशावर खर्च होतेय हे मी विचारणारच. तिकडचा टेक्सासमधला शेतकरी, चर्चला जाणारा, त्याला सांगितलं की तुझे पैसे कुंटणखान्यात निरोध वाटायला जातायत, तर तो कशाला मत देईल?

---

रानवाटा

बंड्याभाऊ, तुम्ही बरोबर नस पकडलीत. तो चर्चला जाणारा शेतकरी नसता तर ही योजना झालीच नसती. जेसी हेल्म्स नावाचे सिनेटर होते, परदेशी मदत म्हणजे उंदराच्या बिळात पैसा ओतणं असं म्हणणारे, एड्सवरच्या खर्चाला वर्षानुवर्षं आडवे गेलेले. ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रँकलिन ग्रॅहम आणि यू२ बँडचा बोनो अशा दोन टोकांच्या लोकांनी त्यांना गाठलं आणि २००२ मध्ये हेच हेल्म्स आफ्रिकेतल्या बाळांसाठी ५० कोटी डॉलर मागायला उभे राहिले. डावीकडे बार्बरा लींसारख्या खासदार आधीपासून मागे लागल्याच होत्या. अशी मोट बांधली तेव्हा कायदा झाला, आणि मोटेतल्या प्रत्येकाने आपापली अट आत घातली. लग्नाआधी संयम ही त्यातलीच, प्रतिबंधाच्या पैशातला एक तृतीयांश ह्या उपदेशावर खर्च करायचा असं कायद्यात लिहिलं, २००८ ला सक्ती काढली तोवर बराच गेला होता. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हिशोब मांडला, १.४ अब्ज डॉलर ह्या उपदेशावर गेले आणि लोकांच्या वागण्यात मोजता येईल असा फरक दिसला नाही.

तरी मी म्हणेन, उपदेशाचे पैसे पाण्यात गेले, गोळ्यांचे नाही गेले, आणि एक घेतल्याशिवाय दुसरं मिळत नव्हतं. मिरजेच्या ताईंना हे पटणार नाही माहितीये.

---

मिरजेची सून

नाहीच पटणार. किंमत कोण देतंय ते बघा ना. तडजोड केली वॉशिंग्टनच्या लोकांनी, नुकसान सोसलं भलत्याच बायकांनी.

---

कंपाला मेल

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं युगांडात आहे, एड्सशी कामाचा संबंध नाही पण इथे राहून हा विषय टाळता येत नाही, ऑफिसात, ड्रायव्हरच्या घरात, सगळीकडे आहे.

युगांडाची गोष्ट जरा वेगळी आहे. इथले अध्यक्ष मुसेव्हेनींनी ८०च्या दशकातच उघड बोलायला सुरुवात केली, शेजारचे देश लपवत होते तेव्हा. 'झिरो ग्रेझिंग' म्हणून घोषणा होती, म्हणजे खुंटा सोडून बाहेर चरायला जाऊ नका. ९० च्या दशकात लागण खरंच खाली आली, निरोध, जोडीदार कमी करणं, भीती, मृत्यू, सगळ्याचा वाटा असणार. पण वॉशिंग्टनने त्यातलं संयम तेवढं उचललं आणि म्हणाले बघा, युगांडाने करून दाखवलं. मग पैसा कुठून येतोय हे बघून इथल्या सरकारचाही सूर बदलला. २००४ च्या शेवटी सरकारी निरोधांचा साठा क्वालिटीच्या तक्रारीवरून परत मागवला आणि २००५ मध्ये देशभर टंचाई. यूएनचे दूत स्टीफन लुईस उघड म्हणाले की ह्यामागे अमेरिकेचं संयमाचं धोरण आहे.

तुम्ही लिहिलंत 'हक्क नव्हता' ते इथे डोळ्यांनी दिसतं. सरकारी दवाखाना असतो, बोर्ड सरकारचा, पण आतमधला एचआयव्हीचा काउन्सेलर, रक्ताचे नमुने पोचवणारा मोटरसायकलवाला, कॉम्प्युटरवर नोंद करणारी मुलगी, ह्यांचे पगार अमेरिकन पैशातून. जानेवारी २०२५ मध्ये गोळ्या गोडाऊनमध्ये होत्या हो, पण त्या पोचवणाऱ्या, आणि कोण न्यायला आलं नाही ते बघून फोन करणाऱ्या माणसांना घरी बसायला सांगितलं. एचआयव्हीच्या औषधात खंड पडला तर व्हायरस परत वर येतो आणि त्या औषधाला दादही देईनासा होऊ शकतो. ९० दिवस ही मुदत फाइलीसाठी ठीक आहे, रक्तासाठी नाही.

आणि सूट दिली त्यातसुद्धा राजकारण बघा. १ फेब्रुवारीच्या कागदात उपचार चालू, गरोदर बायकांचं चालू, पण लागण होऊ नये म्हणून आधी घ्यायची औषधं फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना. समलिंगी, सेक्स वर्कर ज्यांना धोका जास्त ते बाहेर. इथे २०२३ च्या कायद्याने समलिंगी लोकांना जन्मठेपेपर्यंत आणि काही बाबतीत फाशीपर्यंतची शिक्षा आहे, ते आधीच दवाखान्यात यायला घाबरतात. त्यांच्यासाठी जे एक-दोन ठिकाणं होती ती ह्याच पैशावर उभी होती.

---

सत्यवचनी

स्पष्ट बोलतो राग मानू नका. बाहेरख्याली वागायचं आणि मग दुसऱ्या देशाने औषध द्यावं ही अपेक्षा. कॅन्सरवाल्यांना कोण देतं फुकट?

---

मिरजेची सून

जन्मलेल्या बाळाने कुठे बाहेरख्यालीपणा केला ते सांगा. आणि घरात बसलेल्या बायकोने, जिचा नवरा ट्रकवर असतो? पेपफारच्या हिशोबात ५५ लाखांहून जास्त बाळं आई पॉझिटिव्ह असून निगेटिव्ह जन्माला आली. ह्यापुढे तुम्हाला उत्तर देणार नाही.

---

शिरीषफूल

सत्यवचनींना सोडा, असे प्रत्येक धाग्यावर येतात.

कंपाला मेल, मस्त लिहिलंत. पण एक विचारायचंय सगळ्यांना, ह्या देशांची सरकारं स्वतः का नाही भरत पैसे? २००१ मध्ये नायजेरियात अबुजाला सगळ्या आफ्रिकन राष्ट्रप्रमुखांनी वचन दिलं होतं की बजेटच्या १५ टक्के आरोग्यावर घालू. मोजक्या देशांनी कधीतरी गाठलं, बाकी नुसतं वचन. गाड्या, राजवाडे, सैन्य ह्याला पैसे असतात. परक्याच्या पैशाने दवाखाना चालतोय म्हटल्यावर आपला वाचला, तो कुठे गेला?

---

रानवाटा

हा प्रश्न चुकवण्यासारखा नाहीच. पण सगळा आफ्रिका एक धरू नका. दक्षिण आफ्रिकेत जगातले सगळ्यात जास्त पॉझिटिव्ह लोक आहेत, ७० लाखांहून जास्त, आणि ते आपल्या एचआयव्ही खर्चातला साधारण तीन चतुर्थांश भाग स्वतः उचलतात, गोळ्या स्वतःच्या पैशाने घेतात. आणि ह्याच देशात २००० च्या सुमाराला अध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो ह्यावरच शंका घेत बसले होते, त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबू खायला सांगायच्या. हार्वर्डच्या अभ्यासात ३ लाख ३० हजारांवर माणसं ह्या हटवादापायी गेली असा अंदाज निघाला. ते सरकार बदललं कशाने? परदेशी मदतीने नाही, झॅकी आखमत आणि औषधासाठी लढणाऱ्या त्यांच्या टीएसी संघटनेने रस्त्यावर आणि कोर्टात झगडून. आखमत स्वतः पॉझिटिव्ह, सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळेपर्यंत मी औषध घेणार नाही म्हणून अडून बसलेला माणूस. तिथे गोळी हा हक्क झाला कारण नागरिकांनी आपल्या सरकारकडे मागितली. अमेरिकेच्या काँग्रेससमोर युगांडातली बाई काय मागणार, तिला तिथे मत आहे का?

उलट बाजू मोझांबिक, मलावी. तिथे राजवाडे विकूनसुद्धा हा खर्च झेपणारा नाही, निदान लगेच नाही. दहा वर्षांत दरवर्षी थोडी थोडी मदत काढून घेतली असती तर कुरकुर झाली असती पण जमलं असतं.

---

शिरीषफूल

हे मान्य. मग आपलंही सांगते, कारण आपण कधीकाळी घेणाऱ्यांच्या रांगेत होतो हे विसरतो. नॅको, म्हणजे आपली सरकारी एड्स नियंत्रण संस्था, १९९२ ला जागतिक बँकेच्या कर्जावर सुरू झाली. मग २००३ पासून गेट्स फाउंडेशनचं 'अवाहन' आलं, सुरुवातीलाच २० कोटी डॉलर, महाराष्ट्रासकट सहा राज्यांत, हायवेवरचे ट्रकवाले, रेड लाइट एरिया सगळीकडे. पण त्यांनी जाताना एक शहाणपणाचं केलं, काही वर्षं लावून टप्प्याटप्प्याने सगळं सरकारकडे सोपवलं. फुकट औषध १ एप्रिल २००४ ला सुरू झालं, पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जेजे होतं. २०२१-२६ चा पाचवा टप्पा १५ हजार ४७१ कोटींचा, तो केंद्र सरकारच्या पैशाचा. त्यामुळे ट्रम्पच्या सहीने आपल्याकडे गोळी थांबली नाही.

पण काहीच झालं नाही असंही नाही. तृतीयपंथी लोकांसाठी 'मित्र' नावाची क्लिनिकं होती, हैदराबाद, कल्याण आणि पुणे, यूएसएडच्या पैशाची. बंड्याभाऊ, कल्याण म्हणजे तुमच्या शेजारचं स्टेशन. तिघांनाही टाळं लागलं. सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत तृतीयपंथी माणूस रांगेत उभा राहिला की लोक कसे बघतात ते सांगायला नको, तिथे निदान डॉक्टरपासून रिसेप्शनपर्यंत आपली माणसं होती.

आणि स्वतःचा पैसा म्हणजे निर्धास्त असंही समजू नका. २०२२ मध्ये आपल्याकडेच औषधांचा तुटवडा झाला, पेशंट महिनाभराहून जास्त दिल्लीत नॅकोच्या ऑफिसात धरणं धरून बसले होते. फरक इतकाच की त्यांना कोणाच्या दारात बसायचं ते माहीत होतं.

---

डोंबिवलीकर बंड्या

कल्याणचं माहीत नव्हतं, खरंच. बातमी आली असती तर वाचली असती, आली ती २१ मिलियनची.

पण मला एक समजवा, रिपब्लिकन पक्षाचीच योजना ना ही, मग त्यांनीच का गुंडाळली?

---

रानवाटा

मोट सुटली म्हणून. दर पाच वर्षांनी काँग्रेस नव्याने मान्यता द्यायची, २००८ ला तर ४८ अब्ज केले, क्षय आणि मलेरिया धरून. सप्टेंबर २०२३ ला मुदत संपली तेव्हा ख्रिस स्मिथ नावाचे रिपब्लिकन खासदार आडवे आले, जे आधीच्या खेपेला स्वतः ह्याच योजनेचे पुरस्कर्ते होते. म्हणणं काय, तर ह्या पैशाआडून गर्भपाताला मदत होते. योजना चालवणारे सांगत होते की कायद्यानेच त्याला बंदी आहे, पण तोवर अमेरिकेत गर्भपात हा विषय असा पेटलेला की कोणालाच मागे हटायचं नव्हतं. कशीबशी एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, ती २५ मार्च २०२५ ला संपली. म्हणजे ट्रम्पची सही झाली तेव्हा योजना आधीच उसन्या मुदतीवर होती. हेल्म्स वारले, बुश निवृत्त, नव्या खासदारांपैकी बऱ्याचजणांना २००३ चं काही देणंघेणं नाही.

तरी पूर्ण मेलेली नाही. जुलै २०२५ मध्ये आधी मंजूर झालेला पैसा परत घेण्याचं बिल आलं त्यात पेपफारचे ४० कोटी डॉलर होते, ते रिपब्लिकन सिनेटरांनीच बाहेर काढायला लावले. आता नवीन धोरण आलंय, एकेका देशाशी वेगळा करार. डिसेंबर २०२५ मध्ये केनियाशी पहिला झाला, पाच वर्षांत अमेरिका १.६ अब्ज देणार, केनियाने स्वतःचे ८५ कोटी वाढवायचे. शिरीषफूल म्हणतात ते, स्वतःचे पैसे घाला, ते ह्यात आहे आणि ते मला चुकीचं वाटत नाही. पण सही होऊन दोन आठवडे होत नाहीत तोच केनियाच्या हायकोर्टाने त्यातला पेशंटची माहिती अमेरिकेला द्यायचा भाग थांबवला. अटी आहेतच, फक्त पूर्वी चर्चवाल्यांच्या होत्या आता डेटावाल्यांच्या.

---

कंपाला मेल

आणि एकेका देशाशी वेगळा करार म्हणजे घासाघीस करताना प्रत्येकजण एकटा. ग्लोबल फंडात, म्हणजे एड्स, क्षय, मलेरियासाठी अनेक देश मिळून पैसे घालतात त्या निधीत, निदान सगळे एका टेबलाशी असतात. तिथेही नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गला १८ अब्ज मागितले आणि ११.३४ जमले. ब्रिटनने आधीच सांगितलंय, मदत ०.५ वरून ०.३ टक्क्यावर, सैन्याला पैसे पाहिजेत. म्हणजे सगळं खापर ट्रम्पवर फोडून चालणार नाही.

---

गोळीवाला

धंद्याच्या बाजूने सांगतो. एचआयव्हीच्या गोळीत मार्जिन आता इतकं कमी आहे की कंपनी टिकते ती फक्त मोठ्या ऑर्डरवर, आणि मोठी ऑर्डर द्यायचे कोण, तर पेपफार आणि ग्लोबल फंड. कच्चा माल महिनोन् महिने आधी घ्यावा लागतो. पुढची ऑर्डर येईल की नाही हेच माहीत नसेल तर मॅनेजमेंट ती लाइन बीपीच्या गोळ्यांना देऊन टाकते, आणि एकदा दिलेली लाइन परत मिळत नाही हे आम्ही बघितलंय. गरीब देशांतल्या एचआयव्हीच्या औषधांचा मोठा भाग भारतातून जातो, त्यामुळे वॉशिंग्टनातली सही आपल्या शॉप फ्लोअरपर्यंत येते.

बाकी आत्ताच्या काळातली सगळ्यात चांगली बातमी पण ह्यातच आहे. लेनाकापाविर, वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन, लागण होऊ नये म्हणून. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात ट्रायल झाली, ज्या २,१३४ बायकांना हे दिलं त्यातल्या एकीलाही लागण झाली नाही. असा रिझल्ट आमच्या लाइनीत कोणी बघितलेला नव्हता. अमेरिकेत त्याला जून २०२५ मध्ये मान्यता मिळाली, वर्षाचा भाव २८ हजार डॉलरच्या वर. आणि सप्टेंबरमध्ये डॉ. रेड्डीज आणि हेटेरो ह्या आपल्या दोन कंपन्यांनी जाहीर केलं की २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरला देऊ.

---

निवांत

२८ हजार आणि ४०?? २००१ च पुन्हा.

---

मिरजेची सून

गोळीवाला दादा, ह्यात ब्राझील आहे का हो? मगाशी लिहिलं म्हणून आठवलं.

---

गोळीवाला

नाहीये ताई. गिलियडने, म्हणजे ह्या इंजेक्शनच्या मूळ कंपनीने, लायसन्स दिलंय ते १२० देशांपुरतं, आणि ब्राझील त्यात नाही, मध्यम उत्पन्नाचा देश म्हणून. दुसरी मोठी ट्रायल ज्या देशांत झाली त्यात ब्राझील होतं, म्हणजे सुया टोचून घ्यायला चाललं. पण ब्राझीलचा इतिहास बघता ते गप्प बसतील असं वाटत नाही. २००७ मध्ये लुलांनीच एफाविरेन्झचं पेटंट बाजूला सारून सक्तीचं लायसन्स काढलं होतं आणि माल मागवला होता भारतातून. आता परत तेच अध्यक्ष आहेत. तसं काही झालं तर नवीन धागा काढतो, इथे प्रतिसाद फार झाले.